पाहुणीचा पत्ता

वाशीम जिल्ह्यात वनखात्याची नोकरी केली म्हटलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. शहरातला माणूस विचारतो, वाघ किती पाहिले? गावातला विचारतो, त्या रोह्यांचं काय करता? पहिल्याला मी खरं सांगतो की एकही नाही. एकदा वाघाचा म्हणून मोठ्या कौतुकानं जपलेला पंजाचा ठसा नंतर तरसाचा निघाला होता. दुसऱ्याला मी काहीच सांगत नाही. ज्याची तूर रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, खाल्ली त्याला वनपालानं ज्ञान शिकवू नये. दोन शिव्या खाव्यात, चहा प्यावा आणि नुकसानीचा अर्ज लिहून घ्यावा.

या अंकाच्या संपादकांनी तिसराच प्रश्न विचारला. म्हणाले, नोकरीतली अशी एक गोष्ट लिहा, जी तुम्ही कुठे सांगितली नाही. सोबत जागेचा आणि माणसांचा फोटो पाठवा. गोष्ट लिहितो आहे. फोटो पाठवलेला नाही. मानोऱ्याच्या बाजूच्या एका तांड्यावरची ही हकिगत आहे, पण त्या बाजूला तांडे पुष्कळ आहेत आणि हा कोणता ते मी लिहिणार नाही. तिथल्या माणसांची नावंही बदलली आहेत. असं का, ते पुढे कळेलच.

मी मूळचा किन्हीराजाकडचा. वनरक्षक म्हणून लागलो, वनपाल म्हणून सुटलो. वनरक्षकाकडे जंगलाचा एक तुकडा असतो, त्याला बीट म्हणतात. अशा चार-पाच बिटांचा एक राउंड, आणि त्यावर एक वनपाल. कागदावर त्याचं काम जंगल राखायचं. प्रत्यक्षात तो सागाच्या चोरांमागे धावतो, वणवा विझवायला हिरवी फांदी घेऊन उभा राहतो, विहिरीत पडलेलं रानडुक्कर काढतो, आणि उरलेल्या वेळात या सगळ्याचे अहवाल लिहितो. माझं अक्षर चांगलं होतं आणि भाषाही बरी होती. हे मी फुशारकीनं सांगत नाही. पुढे त्याच अक्षरानं घात केला.

शेवटच्या दहा-बारा वर्षांत आणखी एक काम वाढलं, ते म्हणजे जिवंत जनावरांच्या चोरट्या धंद्याचं. बाहेरच्यांना वाटतं, तस्कर म्हणजे बंदुका आणि जीपगाड्या. आमच्याकडचा तस्कर बहुतेक वेळा जुन्या मोटरसायकलवर येतो आणि त्याच्या फोनमध्ये ‘माला’चा एक फोटो असतो. मांडूळच घ्या. बिनविषारी, मातीत राहणारा, उंदीर खाणारा गरीब साप. शेपूट तोंडासारखंच बोथट, म्हणून लोक त्याला दुतोंड्या म्हणतात. त्याच्यामुळे गुप्तधन सापडतं अशी हूल कोणीतरी उठवली आणि त्याचा भाव चढला. खरं सांगतो, त्याचं शेवटचं गिऱ्हाईक मी आजवर पाहिलेलं नाही. पहिल्याला वाटतं दुसरा घेईल, दुसऱ्याला वाटतं तिसरा घेईल, आणि साप मात्र तोवर पोत्यात गेलेला असतो.

असे लोक पकडायला आम्ही बनावट गिऱ्हाईक पाठवायचो. माझं पोट सुटलेलं, मिशी भरघोस, म्हणून हे काम नेहमी माझ्याच गळ्यात पडायचं. साळ्याच्या लग्नातला कोट, बायकोनं जत्रेत घेतलेली खोटी साखळी, आणि मी हैदराबादचा शेठ. एकदा मालेगावच्या रस्त्यावरच्या ढाब्यात सौदा अगदी जमत आला होता. विकणारे दोघं तेलाच्या डब्यात मांडूळ घेऊन बसले होते. आमचाच एक वनरक्षक माझा ड्रायव्हर झाला होता. तो सवयीप्रमाणे वाकून म्हणाला, “साहेब, पंच आले जी.” शेठला कसले पंच? ते दोघं डबा टाकून तुरीच्या शेतातून जे सुटले ते थेट पुढच्या गावात सापडले. हा किस्सा मी निवृत्तीच्या समारंभातही सांगितला आणि लोक पोट धरून हसले. सांगितलं नाही ते एवढंच, की वजन वाढावं म्हणून त्या मांडुळाच्या पोटात लोखंडी छर्रे कोंबले होते. ते आठव्या दिवशी मेलं.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात बसली. आम्ही पकडतो तोवर जनावर पोत्यात आलेलं असतं. गुन्हा दाखल होतो, पेपरात नाव येतं, आणि रानातून एक जीव कमी झालेला असतो तो झालेलाच असतो. राखायचं तर बिळाच्या तोंडाशी राखावं लागतं, आणि तिथे वनपाल बारा महिने बसू शकत नाही. तिथे माणूस तिथलंच पाहिजे.

असं माणूस मला आमच्या रोपवाटिकेत भेटलं. जमनाबाई राठोड, तांड्यावरची साठीची विधवा बाई. घरी मुलगा प्रल्हाद, सून आणि सात-आठ बकऱ्या. दिवाळी झाली की मुलगा-सून ऊसतोडीला जायचे, ते होळीच्या सुमाराला परत. अर्धा तांडाच तसा जायचा. ही मागे राहून बकऱ्या राखायची आणि उन्हाळ्यात आमच्याकडे पिशव्यांत माती भरायला यायची. बंजारा लोक आईला याडी म्हणतात, म्हणून मजुरांबरोबर मीही तिला याडीच म्हणायचो. ती मला साहेब म्हणायची. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, “साहेब, तुमाले एक दाखवाचं हाये. पन कागद नोका आनू.”

मी कागद न घेता गेलो. नोकरीत बहुधा पहिल्यांदाच. तांड्याच्या पलीकडे टेकडीतून एक नाला उतरतो. त्याच्या काठावर एका अंजनाच्या झाडाच्या मुळांशी तिनं मला एक बीळ दाखवलं. तोंडाशी ताजी माती होती. आसपासची वारुळं उकरलेली होती आणि धुळीत पंज्यांच्या ठशांमधून ओढत गेलेल्या शेपटीची रेघ होती. ते खवल्या मांजराचं बीळ होतं.

हे मांजर नव्हे, हे आधी सांगितलं पाहिजे. अंगभर नखासारखे कडक खवले, लांबट तोंड, दात एकही नाही, आणि खाणं म्हणजे मुंग्या आणि उधई. शेतातला एक दाणाही ते खात नाही, उलट उधई संपवतं. वर्षाकाठी पिलू एखादंच होतं. घाबरलं की ते अंगाची गुंडाळी करून घेतं. ती गुंडाळी बिबट्यालाही उघडता येत नाही. माणसाला मात्र ती उघडायची गरजच पडत नाही. उचलली की पोत्यात जाते. लाखो वर्षं ज्या युक्तीनं ते जगलं त्याच युक्तीनं ते मरून राहिलं आहे. त्याच्या खवल्यांनी कुठल्या तरी दूरदेशी दुखणी बरी होतात म्हणे. आपल्या बोटाच्या नखांनी किती दुखणी बरी होतात ते ज्यानं त्यानं पाहावं.

तोवर मी फक्त जप्त केलेले खवले पाहिले होते. जिवंत जनावर पाहिलं ते जमनाबाईमुळे. एका पहाटे, उजाडता उजाडता, ती आणि मी समोरच्या दरडीवर बसलो होतो. मादी चरून बिळाकडे परत येत होती, पुढचे पंजे मुडपून, म्हाताऱ्या माणसासारखी जपून जपून. तिच्या शेपटीच्या बुडाशी एक पिलू पोटावर आडवं पडून घट्ट चिकटलेलं होतं. बिळाच्या तोंडाशी ती क्षणभर थांबली आणि आत गेली. माझे डोळे भरून आले होते आणि त्याची मला जरा लाजही वाटत होती. जमनाबाई पदर सावरत म्हणाली, “पाहुनी हाये साहेब. आपल्या इकडे बाळंतपनाले आली.”

पुढे तिचं नाव पाहुणीच पडलं. तांड्यात नायकाच्या शब्दाला मान असतो. जमनाबाईनं ही गोष्ट आधी नायकाच्या कानावर घातली होती, आणि मला बोलावून त्यांनी मंदिरापुढे भोग लावला. विस्तवावर तूप आणि लापशी घालून देवाला अर्पण करायची, त्याला ते भोग म्हणतात. भोगापुढे दिलेला शब्द मोडत नाहीत. घरटी एक माणूस पुढे आलं आणि शब्द दिला, की पाहुणीचा पत्ता तांड्याबाहेर कोणाला सांगणार नाही. शेवटी नायक माझ्याकडे बघत राहिला. मीही पुढे झालो. म्हणालो, “मी इथं कोनालेच पाठोनार नाही. आलो तं मीच येईन.” त्या दिवसापासून जमनाबाई मला साहेब सोडून भाऊ म्हणू लागली.

पाहुणी राखायची त्यांची रीत खात्याच्या कोणत्याही पुस्तकात नाही. दिवसभर कोणाच्या तरी बकऱ्या त्या नाल्यात असायच्या, चारा असो वा नसो. बकऱ्या म्हणजे राखणारी बाई आलीच. अनोळखी माणूस तांड्यावर आला तर त्याला हटकायचं नाही, त्याच्याशी भांडायचं नाही. भांडलं की त्याला कळतं, इथे काहीतरी आहे. त्याला नायकाच्या ओट्यावर बसवायचं, पाणी द्यायचं, चहा ठेवायचा, आणि मग बायांनी आळीपाळीनं येऊन त्याच्याशी बोलत बसायचं. गुडघेदुखी, सुनेच्या तक्रारी, पाण्याची टाकी, निराधारची अडकलेली फाइल. कितीही पक्का माणूस असला तरी तासाभरात उठतो. एकदा डिंक आणि जडीबुटी विचारत आलेले दोघं असेच उठून गेले होते, आणि जाताना म्हणत होते म्हणे, या तांड्यावर डोकं दुखलं बाप्पा.

तीन वर्षं काही झालं नाही. पिलू मोठं होऊन कुठेतरी निघून गेलं, पाहुणी राहिली. काही न होणं हेच या कामातलं यश असतं, पण ते अहवालात लिहिता येत नाही. आमच्या अहवालात जप्त किती, अटक किती, जनजागृतीचे कार्यक्रम किती, असे रकाने असतात. ‘न सांगितलेले’ असा रकाना नसतो. माझी निवृत्ती वर्षावर आली होती. बरोबरीचे लोक मोठमोठ्या धाडींच्या गोष्टी सांगायचे आणि माझ्याजवळ जिल्ह्यातली सगळ्यात चांगली गोष्ट असून ती मला सांगता येत नव्हती. मला कोणीही वरून आदेश दिला नव्हता. मलाच राहवलं नाही.

वन्यजीव सप्ताहात दरवर्षी आमचा एक कार्यक्रम होतो. मी जमनाबाईचा सत्कार ठरवला. आपल्याकडे चांगलं काम केलेल्या माणसाला शाल-श्रीफळ दिल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही, मग त्याला ते हवं असो वा नसो. सोयाबीनच्या काढणीचे दिवस होते, ती कोणाच्या तरी वावरात विळा घेऊन वाकलेली होती. मी सांगितलं तर मान वर न करता म्हणाली, “भाऊ, माह्या सत्कारानं पाहुनीले काय भेटते?”

मी दुसरंच बोललो. म्हणालो, नाव झालं की वरिष्ठांच्या डोळ्यापुढे येतं. प्रल्हादला आपल्याकडे हंगामी चौकीदार म्हणून लावता येईल, त्याला ऊस तोडायला जावं लागणार नाही. हे मी खोटं बोललो नव्हतो. मला तसं खरंच वाटत होतं. पण माझ्या हातात तसं काही नाही हेही मला माहीत होतं. तिचा विळा थांबला. पोरगा घरी राहील या एका गोष्टीपुढे ती बाई हरली.

सत्काराच्या आधी मी एका ओळखीच्या बातमीदाराला तांड्यावर पाठवलं. त्याला फोटो हवा होता आणि मला त्या दिवशी वाशीमला मीटिंग होती. नायकाच्या फोनवर फोन करून मी जमनाबाईला म्हणालो, हा आपला माणूस आहे, याला जागा दाखव. मग ती म्हणाली, “तुमी नाई येत?” मी म्हणालो, या वेळेपुरतं. भोगापुढे दिलेला माझा शब्द तिथे मोडला, आणि मला त्या क्षणी ते जाणवलंसुद्धा नाही. तिला जाणवलं असावं.

सत्कार मोठा झाला. खवल्या मांजराच्या फोटोचा फ्लेक्स, टाळ्या, फेटा. जमनाबाई स्टेजवर खुर्चीच्या कडेला बसली होती आणि शाल मांडीवर घेऊन ती चुरगाळत होती. बातमीचा मजकूर मी स्वतः लिहून दिला, सुंदर अक्षरात. त्यात तांड्याचं नाव होतं. ‘तांड्याच्या पूर्वेकडील नाल्यात’ हे शब्द होते. सोबत प्रल्हादनं पूर्वी माझ्या फोनवर काढलेला फोटो दिला. त्यात ती आणि मी शेजारी शेजारी होतो आणि मागे नाल्याकाठचं ते अंजनाचं झाड स्पष्ट दिसत होतं. एवढ्यावर मी थांबलो नाही. रस्त्याच्या फाट्यावर हिरवा फलक लावला, ‘खवल्या मांजर संरक्षण क्षेत्र. शिकार करणे दंडनीय गुन्हा आहे.’ शिकाऱ्याला जे तीन वर्षं शोधून सापडलं नसतं ते मी त्याला रंगवून दिलं. कात्रण मी लॅमिनेट करून घरात लावलं होतं.

दिवाळी झाली आणि तांडा ऊसतोडीला गेला. प्रल्हादच्या चौकीदारीचा प्रस्ताव कुठेतरी टेबलावर होता. तोही मुकादमाच्या गाडीत बसून गेला. मागे म्हातारी माणसं राहिली. आठवडाभरानं नायकाच्या फोनवरून जमनाबाईचा फोन आला. ती खुशीत होती.

“भाऊ, तुमची मानसं गेली का मोजनी करून?”

मी विचारलं, “कोनती मानसं, याडी?”

मग जे काही तिच्या श्वासाचं झालं ते मी फोनवर ऐकलं आहे. ते मला अजून ऐकू येतं.

तीन माणसं गाडीतून आली होती. ओट्यावर बसायला सांगितलं तर बसली नाहीत. एकानं फोन काढून पेपरातला फोटो दाखवला, ती आणि मी. म्हणाला, या साहेबांनीच पाठवलं, जनावराची मोजणी करायची आहे. तिनं तरी विचारलं, भाऊ स्वतः काहून नाही आले? तो म्हणाला, साहेब वाशीमला मीटिंगला गेले. मी कायम मीटिंगलाच गेलेलो असायचो. त्या आधी एकदा माझ्या नावावर माणूस आला होता आणि मीच तो पाठवला होता. मग तिनं त्यांना नाल्यात नेलं आणि बोटानं बीळ दाखवलं. ते फोटो काढून निघून गेले. दुसऱ्या दिवशी तिला ताप होता. नाल्यात बकऱ्या गेल्या नाहीत. ताप उतरल्यावर तिनं मला फोन केला होता.

मी पोचलो तेव्हा अंजनाच्या मुळांशी माणूस उभा राहील एवढा खड्डा होता. पहारीचे घाव मातीत ताजे होते. बिळाच्या तोंडाशी पालापाचोळा जाळून धूर केला होता. एक खवला तेवढा सुटून पडला होता. जमनाबाईनं तो उचलला, पदरानं पुसला आणि माझ्या हातावर ठेवला. ती रडत नव्हती. मी रडलो असतो तर बरं झालं असतं, पण बरोबर वरचे अधिकारी होते, पंच होते.

आता या लेखाचं खरं कारण सांगतो. पंचनामा झाल्यावर जबाब घ्यायचा असतो. राउंड माझा, अक्षर माझं, जबाब मीच लिहायला बसलो. मुख्य प्रश्न होता, जागा कोणी दाखवली? तिथेच तिला आडून उत्तर देता आलं असतं. ती सरळ म्हणाली, “लिवा. म्या दाखोली. तुमचं नाव घेतलं त्याईनं, मनून दाखोली.”

मी पहिलं वाक्य लिहिलं. दुसरं लिहिलं नाही. माझ्या नावावर जागा दाखवली गेली असं कागदावर आलं असतं तर माझी चौकशी लागली असती, आणि निवृत्तीला सात-आठ महिने राहिले होते. हात थांबला आणि पुढच्या मुद्द्याकडे गेला. जबाब वाचून दाखवायचा असतो, तसा मी दाखवला. ती ऐकत होती. तिला वाचता येत नाही, पण ऐकता येतं. संपल्यावर म्हणाली, “तुमचं नाव नाई आलं त्याच्यात.”

मी म्हणालो, ते नंतर जोडू. माझ्या डोळ्यांकडे तिनं एकदा पाहिलं, आणि अंगठा पुढे केला. शाईचं पॅड मीच धरलं होतं.

माणसं सापडली नाहीत. कागदावर नाव होतं ते एका बाईचं, जिनं जागा दाखवली. मग तिला बोलावणी सुरू झाली. आज तालुक्याला, परवा वाशीमला. एसटीनं जायचं, बाकावर बसायचं, तेच तेच प्रश्न. त्यांनी तुला काय दिलं? आधीपासून ओळख होती का? विचारणाऱ्यांचा दोष नाही. समोरच्या कागदात जे होतं त्यावरून तेच प्रश्न निघतात. बकऱ्या विकल्या. प्रल्हाद अर्धा हंगाम टाकून परत आला. होळीला तांडा परतल्यावर पुन्हा भोग लागला, आणि तिला सगळ्यांपुढे कबूल करावं लागलं की शब्द तिनं मोडला. हे मला प्रल्हादनं नंतर सांगितलं. तिथेही तिनं माझं नाव घेतलं नव्हतं. का, असं त्यानं तिला विचारलं, तर म्हणाली होती, “त्याची नौकरी हाये बावा. आपलं काय, आपन रानातलेच.”

हे ऐकूनही मी लगेच काही केलं नाही. निवृत्त झालो, मलाही शाल-श्रीफळ मिळालं, मांडुळाचा किस्सा सांगून झाला. पेन्शन सुरू झाली आणि मग मला शूरपणा आला. मी कार्यालयात जाऊन लेखी दिलं, की जबाबातलं एक वाक्य मी गाळलं होतं. ते वाक्य इथेही लिहितो, कारण फायलीत ते कोण वाचणार आहे? जमनाबाईनं ती जागा दाखवली, कारण आलेल्या माणसांनी वनपालाचं नाव सांगितलं. आणि वनपालाच्या नावावर जागा दाखवायची सवय तिला वनपालानंच लावली होती. त्यानंतर तिची बोलावणी थांबली. तोवर दीड वर्ष गेलं होतं. फाट्यावरचा फलक मी स्वतः जाऊन उपटला. कात्रण जाळलं. खवला मुद्देमालात जमा आहे.

हा लेख छापायला देण्याआधी मी तो जमनाबाईला वाचून दाखवायला गेलो. गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. नायकाच्या ओट्यावर बसलो. ती आली, थोडी वाकली आहे आता. खाली बसून तिनं सगळं ऐकलं. वाचून झाल्यावर म्हणाली, “तांड्याचं नाव काढा. माहं नाव काढा. तुमचं राहू द्या.”

तसंच केलं आहे.

मी माफी मागितली. शब्द नीट जुळले नाहीत, सगळं आयुष्य कागद लिहिण्यात गेलं तरी. तिनं हाताला धरून ‘जाऊ द्या’ म्हटलं नाही आणि दूषणही दिलं नाही. मग न राहवून मी विचारलं, “याडी, पाहुनी पुन्हा आली का कधी? ते पिलू तरी?”

“नाई साहेब,” ती म्हणाली. “आता कुठची पाहुनी.”

भाऊचा मी पुन्हा साहेब झालो होतो. माझ्यासाठी पाणी आलं. मग चहा आला. एक म्हातारी येऊन शेजारी बसली आणि तिच्या गुडघ्याचं सांगू लागली. ती उठली तर दुसरी आली, तिनं पाण्याच्या टाकीचं काढलं. मग तिसरीनं निराधारच्या फाइलीचं. मी हो हो करत होतो, आणि बोलता बोलता माझी नजर पूर्वेला नाल्याकडे गेली. वैशाखातला नाला, गवताची काडी नव्हती. भर उन्हात तिथे पाच-सहा बकऱ्या होत्या, आणि अंजनाखाली सावलीला एक बाई बसलेली होती.

चहा संपवला. कप खाली ठेवला. जमनाबाई माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, डोकं दुखून राहिलं, निघतो आता. आणि पुन्हा नाल्याकडे न बघता मोटरसायकल सुरू केली.